चार मीटरच्या आतलं आकाश

अर्धेरावांना हे नाव त्यांच्या मेहुण्याने दिलं. मेहुण्याने आयुष्यात तडीस नेलेलं ते एकमेव काम, असं अर्धेरावांचं मत होतं; पण तेही त्यांनी कधी पूर्ण बोलून दाखवलं नाही.

नावाचा पुरावा मागच्या खोलीत होता. खोली लहान, खिडकी एक, आणि आत अर्धेरावांच्या हौसेचा सगळा इतिहास दाटीवाटीने उभा. एका बाजूने रंगवलेली आरामखुर्ची. पोटातलं सगळं बाहेर काढून ठेवलेला रेडिओ. तीन बाजूंना काच असलेली मत्स्यपेटी; चौथी काच आणली की मासे आणायचे, असं ठरलेलं होतं. दाराशी एक स्टूल होतं, त्यावर बसायचं नाही हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि मेहुण्याला एकदा कळलं होतं.

बायको इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवायचे आणि पाठी सरळ करायच्या, हे तिचं काम. घरातला एक कणा तेवढा तिने दुरुस्तीला घेतला नव्हता.

"अहो, इस्पितळातलं जुनं टेबल मला मिळतंय," एका रविवारी ती म्हणाली. "मागच्या खोलीत लावीन म्हणते. संध्याकाळी दोन-चार पेशंट घरीच बघता येतील."

"ती खोली रिकामी नाही."

"रिकामी नाही ते दिसतंय. कशाने भरलीय ते सांगा."

"कामं चालू आहेत."

"कुठलं काम?"

अर्धेराव पाणीपुरवठा कार्यालयात होते. 'उद्या पाणी कमी दाबाने येईल, नागरिकांनी सहकार्य करावे' ही सूचना लिहिण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती, आणि गेली कित्येक वर्षं ती त्यांनी एकाही नागरिकाला दाब म्हणजे नेमका किती हे कळू न देता पार पाडली होती. सरळ प्रश्नाला भारदस्त उत्तर द्यायचा त्यांचा हात बसलेला होता.

"टप्प्याटप्प्याने," ते म्हणाले.

बायकोने हातातलं फडकं खाली ठेवलं. "असं करू या. टेबल महिनाअखेरीला येतंय. तोवर या खोलीतली एक, फक्त एक वस्तू पूर्ण करा आणि मला चालवून दाखवा. दाखवलीत तर खोली तुमची, मी पुन्हा नाव काढणार नाही. नाहीतर टेबल आत आणि हे सगळं भंगारात."

अर्धेरावांनी त्या संध्याकाळी खोलीची पाहणी केली. प्रत्येक वस्तूशी त्यांचं काही ना काही बिनसलेलं होतं. अपवाद एकच. कपाटावर रॉकेटचं एक किट होतं, आणि त्याचं खोकं अजून उघडलेलं नव्हतं. न उघडलेल्या वस्तूवर अपयशाचा डाग नसतो. खोक्यावर लिहिलं होतं: 'कौशल्य पातळी एक. वय दहा वर्षे व पुढे.' अर्धेराव पुढच्यांत मोडत होते, चांगलेच पुढच्यांत.

आत कागदाची एक नळी होती, प्लास्टिकचं टोक, शेपटाशी लावायला बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाची चार पातळ पाती, पातळ प्लास्टिकचं पॅराशूट, रॉकेट उभं करायला बारीक तार, पेटवायला बॅटरीचं बटण आणि बोटाएवढं एक इंजिन. इंजिन एकच. म्हणजे संधीही एकच. माहितीपत्रक सांगत होतं की पेटवल्यावर रॉकेट तीनशे मीटर वर जाईल, मग काही सेकंद थांबून इंजिनच टोकाला आतून धक्का देईल, टोक निघेल, पॅराशूट उघडेल आणि रॉकेट अलगद खाली येईल. अर्धेरावांनी ते पत्रक आधी लॅमिनेट करून आणलं. कुठल्याही कामाची सुरुवात ते कागदपत्रं सुरक्षित करण्यापासून करत. बऱ्याचदा शेवटही तिथेच होई.

इथवर काही चुकलं नव्हतं. चूक झाली ती जागेची. गोंदाचा वास घरात नको म्हणून बायकोने त्यांना खाली पाठवलं, आणि अर्धेरावांनी जिन्याखालच्या मोकळ्या जागेत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेवर, आपलं बस्तान मांडलं. वाटेवर बसून कुठलीही गोष्ट करणाऱ्या माणसाला सल्ला मागावा लागत नाही.

पहिले आले रंगकाका. तळमजल्यावर राहायचे, उभी हयात रंगाच्या कारखान्यात गेलेली. उजवा खांदा धरलेला असल्यामुळे ते डाव्या हाताने सगळं उचलत आणि उजव्याबद्दल सगळ्यांना सांगत. त्यांनी नळी उचलली.

"अरे, ही फुंकरीने उडेल."

"उडायलाच हवीय, काका."

"उडणं वेगळं, टिकणं वेगळं. प्रायमर मारलास?"

"पत्रकात प्रायमर नाही."

"पत्रक लिहिणाऱ्याचं काय जातंय? त्याचं घरात आहे, तुझं उन्हात जाणार."

उन्हात ते मोजून एक मिनिट राहणार आहे, हे अर्धेरावांना सांगायचं होतं. पण काका तोवर डबा आणायला गेले होते. प्रायमर झाला, खाचा बुजवायला लांबी भरून झाली, ती घासून झाली, लाल रंगाचे हात झाले. रंग 'मेला', म्हणजे फिका पडला, म्हणून पुन्हा एक झाला आणि शेवटी जहाजाला लावतात ते व्हार्निश. नळी आता हाताला दाराच्या मुठीसारखी लागत होती. काकांनी तिच्यावर नख आपटून आवाज ऐकवला. "बघ. तुझ्या नातवंडांना पुरेल."

मग समोरच्या दुकानातला सुतार आला. त्याची कंबर गेलेली होती, त्यामुळे तो आधी भिंतीला हात लावून, मग तोंडाने वाफ सोडत, मग हळूहळू खाली बसला. एवढे कष्ट घेऊन बसलेला माणूस काही न बोलता उठत नाही. त्याने बाल्साचं एक पातं दोन बोटांत धरलं आणि बोटं मिटली. पात्याचे दोन तुकडे झाले.

"हे लाकूड नाही साहेब," तो म्हणाला. "ही अफवा आहे."

"अरे, पण तू ते मोडलंस."

"मी मोडलं म्हणून बरं. वर जाऊन मोडलं असतं तर?"

उरलेली तीन पातीही त्याने पुराव्यादाखल मोडली. दुसऱ्या दिवशी तो सागवानाची चार पाती घेऊन आला. रंधा मारलेली, कडा गोल केलेली, देखणी. कागदात स्क्रू धरेना म्हणून नळीच्या आतून लाकडाचं एक कडंही बसवलं. "आता हत्ती बसला तरी हलायचं नाही." रॉकेटवर हत्ती बसवण्याचा प्रसंग कुठला, असा प्रश्न अर्धेरावांच्या मनात आला, पण तो विचारायला लागणारा धीर त्यांच्यापाशी अर्धाच होता.

टेलरमास्तर दुसऱ्या मजल्यावरचे. आयुष्यभर मान खाली घालून शिवल्यामुळे ती आता वर होत नव्हती, आणि ते समोरच्याकडे भुवयांखालून बघत. त्यांनी पॅराशूट चिमटीत धरलं.

"ही पिशवी आहे."

"ते पॅराशूट आहे, मास्तर."

"याला शिलाई कुठाय? अस्तर? तुमचं नाव खराब होईल ते होईल, मी याच इमारतीत राहतो हो. लोक मलाच विचारणार."

मास्तरांनी रेनकोटच्या कापडाचं नवं पॅराशूट शिवलं. दुहेरी मुडप, निळं अस्तर, नाड्यांच्या जागी बुटांच्या लेसा. एका बाजूला खिसाही होता.

"खिसा कशाला?"

"कापड उरलं होतं."

बायको रोज संध्याकाळी कामावरून येताना जिन्याशी क्षणभर थांबायची, बघायची आणि वर जायची. एकदाच तिने विचारलं, "वजन केलंत का याचं?"

"वजनाचा प्रश्न नाही," अर्धेराव म्हणाले. "मजबुतीचा आहे."

हे वाक्य आपलं नाही, हे त्यांना बोलल्यावर कळलं. पण एव्हाना रॉकेटमध्येही त्यांचं असं फारसं काही राहिलं नव्हतं.

उडवायला जागा हवी होती. पाण्याच्या टाकीमागे पालिकेचं मोकळं मैदान होतं. तिथल्या राखणदाराने हात आडवा केला. "परवानगी आणा. काहीही करायचं तर परवानगी लागते. काही करायचं नसेल तर बसा."

परवानगीच्या खिडकीत एक कारकून होता. त्याच्यासमोर चार खोकी होती आणि प्रत्येकावर एकेक चिठ्ठी: खोदकाम, फलक, तात्पुरते बांधकाम, जनावरे.

"रॉकेट यात कुठे बसतं?" त्याने विचारलं.

"कुठेच नाही. म्हणून तर आलो."

"कुठेतरी बसवावं लागेल. जमीन खणणार का?"

"नाही."

"त्यावर काही मजकूर आहे?"

"नाही."

"जिवंत आहे?"

"नाही हो."

"जमिनीला टेकलेलं असतं?"

"सुरुवातीला असतं. मग वर जातं."

"बांधकाम वरच जातं," कारकून समाधानाने म्हणाला आणि तिसऱ्या खोक्यातला अर्ज काढला. "उंची?"

"तीनशे मीटर."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "तीनशेला मुख्य कार्यालय, अग्निशमन, विमानतळ. पुढच्या वर्षी या. माझ्या अधिकारात चार मीटर."

"पण ते चार मीटरवर थांबत नाही."

"मग तुम्ही थांबवा. बांधकाम कुणाचं आहे?"

अर्धेरावांना हा माणूस ओळखीचा वाटला. घरी परतताना त्यांच्या लक्षात आलं, की रोज सकाळी आपल्या खुर्चीत हाच बसलेला असतो, फक्त चेहरा आपला असतो. या शोधाने त्यांना बरं वाटलं नाही. खिशात मात्र परवाना होता: तात्पुरते बांधकाम एक, कमाल उंची चार मीटर, मोजणी अधिकाऱ्याच्या समक्ष.

म्हणजे रॉकेट उडालं तर नियम मोडत होता, आणि न उडालं तर खोली जात होती. हे त्यांनी बायकोला सांगितलं.

"मला फक्त पूर्ण झालेलं आणि चाललेलं दाखवा," ती म्हणाली. "किती वर ते मी बोललेच नव्हते."

रॉकेट उडवायच्या आदल्या दिवशी टेबल आलं. चांगलं लांबरुंद, काळ्या रेक्झिनचं, लोखंडी पायांचं. वर चढवायला रंगकाका, सुतार आणि टेलरमास्तर न बोलावता हजर झाले. एकाचा खांदा, एकाची कंबर, एकाची मान; तिघांत मिळून एक धड माणूस निघाला असता. पण टेबल त्यांनी असं जपून वर आणलं, की तेवढी काळजी अर्धेरावांनी स्वतःच्या लग्नातही कुणाच्या चेहऱ्यावर बघितली नव्हती. खोली भरलेली, म्हणून टेबल बाहेरच्या खोलीतच राहिलं. काकांनी त्यावर आडवं होऊनही बघितलं.

"इथेच ठेवणार का वहिनी?"

"उद्यावर आहे," बायको म्हणाली. "रॉकेट नीट चाललं तर टेबल परत पाठवायचं."

तिघांनी अर्धेरावांकडे बघितलं, मग टेबलाकडे, मग आपापल्या चपलांकडे. अर्धेरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते खाली गेले, जिन्याखालून रॉकेट आणलं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. काटा अर्ध्या किलोच्या पुढे गेला. खोक्यावर लिहिलं होतं, तयार रॉकेटचं वजन एका मध्यम बटाट्याइतकं.

"हा कट आहे," तिघं गेल्यावर ते बायकोला म्हणाले. "खांदा, कंबर, मान. सगळे तुझे पेशंट. ठरवून जड केलंय माझं रॉकेट."

"त्यांना ठरवून काही करता आलं असतं, तर जिन्यातला दिवा केव्हाच लागला असता," ती म्हणाली. "तुमच्यावर माया आहे त्यांची. म्हणून एवढं झालं."

कट परवडला असता. मायेविरुद्ध तक्रार कुठे करायची, याची खिडकी अर्धेरावांना माहीत नव्हती.

सकाळी मैदानावर सगळे जमले. मेहुणा घरून घडीची खुर्ची घेऊन आला होता. अर्धेरावांच्या घरच्या कुठल्याही बैठकीवर त्याचा आता विश्वास नव्हता. मोजणीसाहेब वेळेवर आले. त्यांच्याकडे चार मीटरची दांडी होती, टोकाला लाल पट्टा. ती त्यांनी रॉकेटशेजारी रोवली, ओळंबा लावून बघितली आणि पाय जुळवून उभे राहिले.

"लाल पट्ट्याच्या वर गेलं तर मला कळवावं लागेल."

"कुणाला?"

"ते मला कळवतील."

किटमधली बारीक तार रॉकेटच्या वजनाने वाकली. सुताराने बांधकामाची सळई आणली होती, आणि रॉकेट तिच्यावर सरकावं म्हणून बाजूला पडद्याची एक कडी ठोकली होती. अर्धेराव बॅटरीची वायर घेऊन मागे सरले. काकांनी दहापासून उलटं मोजायला सुरुवात केली. ते नवावर आले तेव्हा टेलरमास्तरांनी एकपासून सुलटं. पाचाला दोघांची गाठ पडली आणि तिथेच वाद झाला. अर्धेरावांनी वैतागून बटण दाबलं.

काही झालं नाही.

मेहुणा खुर्चीत मागे रेलला. "भावोजी, अर्धं दाबलंत का?"

"सुरक्षेची चावी लावायची असते ना त्याला," बायको म्हणाली. "शर्टाच्या खिशात आहे तुमच्या."

चावी लागली. अर्धेरावांनी डोळे मिटले. त्यांना मागची खोली दिसली. खिडकी, खुर्ची, रेडिओ, आणि संध्याकाळी तिथे बसून काहीही पूर्ण न करण्याचं ते सुख. जगात दुसरीकडे कुठेच त्यांना कुणी ते करू दिलं नव्हतं. त्यांनी बटण दाबलं.

आधी फुस्स झालं. मग धूर आला. सळई थरथरली. रॉकेटने थोडा विचार केला, आणि निवृत्तीला आलेला साहेब खुर्चीतून उठतो तसं, घाई न करता, सगळ्यांना बघायला वेळ देत ते वर निघालं. सळई संपली. ते दांडीच्या कडेने चढत राहिलं. लाल पट्ट्याच्या खाली हातभर अंतरावर ते थांबलं, जणू परवाना त्यानेही वाचला होता. तिथून त्याने मैदान बघितलं, मान कलती केली आणि धप्पकन गवतात येऊन पडलं.

पाणी कमी दाबाने आलं की नागरिक कसे बघतात, हे अर्धेरावांनी पहिल्यांदाच समोरून बघितलं.

"ओरखडा नाही," रंगकाका भारावून म्हणाले. "एक ओरखडा नाही."

"पाती बघा," सुतार म्हणाला. "हललं का एक तरी?"

टेलरमास्तर भुवयांखालून नळीकडे बघत होते. त्यांचं पॅराशूट आतच राहिलं होतं.

अर्धेरावांना ते सहन होईना. ते तरातरा गेले आणि रॉकेट उचलायला वाकले. 'पडलेल्या रॉकेटजवळ लगेच जाऊ नये' अशी सूचना पत्रकात ठळक छापली होती. पण लॅमिनेशनवर ऊन चमकायचं आणि नेमकी ती ओळ कधी वाचता यायची नाही. तीनशे मीटरवर जाऊन जे करायचं ते इंजिनाने ठरल्या वेळी, गवतात पडल्या पडल्या केलं. फट् असा आवाज झाला. टोक सुटलं आणि अर्धेरावांच्या कानाजवळून निळं अस्तर, दुहेरी मुडप, लेसा आणि खिसा असं सगळं बाहेर येऊन गवतावर छान पसरलं.

"उघडलं," टेलरमास्तर म्हणाले. मान वर होत नसल्यामुळे ते आकाशात उघडलं असतं तर त्यांना दिसलंही नसतं.

अर्धेराव दचकून ताठ व्हायला गेले. अर्ध्यावर त्यांच्या कमरेत कट् झालं, आणि ते तिथेच राहिले.

मोजणीसाहेब दांडी उपटून जवळ आले. समोर कमरेत वाकून उभा असलेला गृहस्थ बघून तेही अदबीने वाकले. "अहो, एवढं नको. उलट मीच म्हणेन, चार मीटर सांगितले की लोक सहा बांधतात. तुम्ही तीन सत्तरवर थांबलात. अशी शिस्त हल्ली कुठे आहे?" त्यांनी तिथल्या तिथे दाखला लिहिला, शिक्का मारला आणि वाकलेल्या अर्धेरावांच्या हातात दिला: 'काम पूर्ण. समक्ष चालवून पाहिले. मंजूर उंचीच्या आत.'

पूर्ण. हा शब्द आपल्या नावापुढे अर्धेराव पहिल्यांदाच बघत होते, आणि तोही उलटा दिसत होता.

त्यांना रॉकेटसकट सुताराच्या हातगाडीवरून घरी आणलं. गाडीवरही ते वाकलेलेच होते. पलंगावर त्यांना निजवेना. गादी मऊ होती. बायकोने बाहेरच्या खोलीतल्या टेबलाकडे बघितलं. पण तिथे शेजारी जमलेले, त्यांच्यात मेहुणा, आणि मेहुण्याची खुर्ची.

"मागे न्या टेबल," ती म्हणाली.

अर्धेराव भिंतीला धरून उभे होते. त्यांना फक्त जमीन दिसत होती. जमिनीलगत आरामखुर्चीचे पाय गेले, रंगवलेले दोन आणि न रंगवलेले दोन. मत्स्यपेटीचा तळ गेला. रेडिओची एक वायर फरशीवरून सरपटत गेली. मागून लोखंडी पाय उलट दिशेने आत गेले. सगळ्या पायांना ते ओळखत होते. अडवायला हात वर करायला हवा होता, आणि त्या हातात दाखला होता.

दोघांनी उचलून त्यांना टेबलावर पालथं निजवलं. बायकोने सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं.

"हे बघ," अर्धेराव रेक्झिनमध्ये तोंड खुपसून म्हणाले आणि दाखला मागे सरकवला. "पूर्ण लिहिलंय. चालवून पाहिलं, तेही लिहिलंय. अट तूच घातली होतीस."

तिने दाखला वाचला. शिक्काही बघितला. मग तो खिडकीत, रॉकेटखाली दाबून ठेवला. रॉकेट त्या कामाला अगदी योग्य वजनाचं होतं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द."

तिने बाह्या वर केल्या आणि त्यांच्या कमरेवर अंगठा टेकवला. दारावर टकटक झाली.

"वहिनी," बाहेरून रंगकाकांचा आवाज आला, "याच्यानंतर माझा नंबर धरा. मागे मास्तर आहेत, त्यांच्यामागे सुतार."

"ही माझी खोली आहे," अर्धेराव म्हणाले आणि उठायला गेले.

"हलू नका," बायको म्हणाली आणि अंगठा दाबला. "तुमचीच आहे."